फाडलेल्या मुखपृष्ठांची वर्षं

अमेरिकेत १९७० साली औषधांच्या दुकानात, नाक्यावरच्या गोळ्या-चॉकलेटांच्या दुकानात किंवा बसस्थानकावर तारांचा एक फिरता रॅक हमखास दिसायचा. माथ्यावर मुलांना हाक मारणारी पत्र्याची पाटी आणि खाली खणाखणांत खोचलेली कॉमिक्स. मुलगा रॅक गरगर फिरवायचा, पंधरा सेंट मोजायचा आणि अंक मागच्या खिशात दुमडून चालू लागायचा. न खपलेल्या अंकांचं पुढे काय होतं, हे त्याला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. विक्रीची मुदत संपली की त्या अंकांच्या मुखपृष्ठांची नाव असलेली वरची पट्टी फाडली जायची. पट्ट्यांचे गठ्ठे परत जायचे आणि तेवढ्या प्रतींचे पैसे वळते व्हायचे. उरलेला अंक रद्दीत जायचा, निदान नियमाने तरी जायला हवा होता.

अमेरिकन कॉमिक्सच्या इतिहासात १९७० ते १९७५ हा काळ सहसा पात्रांच्या नावांनी सांगितला जातो. कोनन आला, ड्रॅक्युला परतला, स्पायडरमॅनची प्रेयसी मेली, जॅक कर्बीने घर बदललं. हे सगळं खरं आहे. मात्र कोणती मालिका जगली आणि कोणती मेली, याचा निकाल त्या फाडलेल्या पट्ट्यांच्या मोजणीवर लागत होता, आणि ही मोजणीच भरवशाची राहिली नव्हती. म्हणून या पाच वर्षांचा आढावा रॅकपासून सुरू करणं योग्य ठरतं.

धंद्याचं गणित कॉमिकच्या विरोधात गेलं होतं. रॅकमधली जागा तेवढीच, गठ्ठा सोडून अंक लावण्याची मेहनत तेवढीच. पण अर्ध्या डॉलरच्या मासिकावर दुकानदाराला जे सुटायचं, ते पंधरा सेंटच्या कॉमिकवर सुटत नव्हतं. नाक्यावरची घरगुती दुकानं बंद पडून सुपरमार्केटं आली होती आणि त्यांना हा किरकोळ माल नको होता. कित्येक घाऊक विक्रेते गठ्ठा न सोडताच परत पाठवत. टपालाच्या सवलतीसाठी प्रकाशकांना वर्षातून एकदा खपाचे आकडे अंकात छापावे लागत, त्यामुळे घसरणीची नोंद त्यांच्याच पानांवर राहिली आहे. ‘सुपरमॅन’चा सरासरी खप १९६९ साली पाच लाखांच्या वर होता, १९७४ साली तो तीन लाखांच्या खाली गेला. १९६९ साली त्याच्याही पुढे होता तो शाळकरी प्रेमप्रकरणांतला ‘आर्ची’, ज्याच्या कार्टूनमधल्या बँडच्या नावावर निघालेलं गाणं त्याच वर्षी अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोचलं होतं.

याच सुमाराला दोन्ही मोठ्या कंपन्यांचे मालक बदलले. सुपरमॅन आणि बॅटमॅन छापणारी नॅशनल पीरिऑडिकल, म्हणजे वाचकांच्या तोंडची डीसी, १९६७ साली किनी नॅशनलने घेतली. गाड्यांचे वाहनतळ आणि अंत्यविधीची सेवा यांतून मोठ्या झालेल्या या कंपनीने पुढे वॉर्नरचा सिनेमा स्टुडिओही घेतला आणि १९७२ मध्ये तिचं नाव वॉर्नर कम्युनिकेशन्स झालं. मार्व्हलचे मालक मार्टिन गुडमन यांनी १९६८ साली आपला सगळा धंदा परफेक्ट फिल्म अँड केमिकल या कंपनीला विकला. तीच पुढे केडन्स इंडस्ट्रीज झाली. विक्रीआधीची दहा वर्षं मार्व्हलचं वितरण प्रतिस्पर्धी डीसीच्याच वितरण कंपनीकडे होतं आणि महिन्याला किती अंक काढायचे यावर त्या कंपनीचा लगाम होता. १९६९ मध्ये मार्व्हल कर्टिस या वितरकाकडे गेलं आणि तो लगाम सुटला. त्यानंतर मार्व्हलने मालिकांचा जो पाऊस पाडला, त्याचं मूळ कल्पकतेइतकंच या करारातही आहे.

किमतीची लढाई १९७१ साली झाली आणि ती काही महिन्यांतच निकालात निघाली. डीसीने उन्हाळ्यात पंधरा सेंटवरून थेट पंचवीसवर उडी घेतली आणि बदल्यात ५२ पानं दिली. जादा पानांत बऱ्याचशा जुन्याच कथा होत्या. मार्व्हलनेही त्याच वाटेने एक पाऊल टाकलं, आणि जेमतेम एका महिन्यात माघार घेऊन पानं ३६ व किंमत वीस सेंट केली. वर घाऊक विक्रेत्यांना सूटही वाढवून दिली. डीसी १९७२ च्या मध्यापर्यंत पंचवीस सेंटना चिकटून राहिली. मुलाच्या हातात एक डॉलर असेल तर डीसीचे चार अंक येत, मार्व्हलचे पाच. शिवाय मार्व्हलवर विक्रेत्याचा फायदा अधिक. त्या वर्षी मार्व्हल खपात पुढे निघून गेलं. डीसीचं पहिलं स्थान ज्या चुकीमुळे गेलं, ती कथेची किंवा चित्रांची नव्हती, हे इथे मुद्दाम नोंदवायला हवं.

खप घसरत असला की संपादक धाडसी होतात. या काळातल्या प्रयोगांमागे असंच धाडस होतं, आणि त्यांच्या आड उभी होती १९५४ सालची आचारसंहिता.

मनोविकारतज्ज्ञ फ्रेडरिक वर्थम यांचं पुस्तक आणि सिनेटच्या उपसमितीसमोरची सुनावणी यांनी १९५४ मध्ये कॉमिक्सविरुद्ध मोठा गदारोळ उठवला होता. सरकारी बंदी येण्याआधी प्रकाशकांनी स्वतःच संहिता केली आणि तिची मोहोर नसलेला अंक घाऊक विक्रेते हातात धरेनासे झाले. रक्तपिपासू, नरवृक, चालती प्रेतं यांना त्या संहितेत थारा नव्हता. अमली पदार्थांवरच्या कथेलाही जागा उरली नव्हती. ती किती शब्दशः राबवली जायची, याचा एक किस्सा लेखक मार्व्ह वुल्फमन सांगत आले आहेत. डीसीच्या एका भयकथेत भटक्या वुल्फमनने गोष्ट सांगितल्याचा उल्लेख होता. ‘वुल्फमन’ म्हणजे नरवृक, तेव्हा चालणार नाही, असा शेरा आला. संपादकांनी कळवलं की हे लेखकाचं आडनावच आहे. मग उत्तर आलं की तसं असेल तर अंकात त्याचं नाव स्पष्ट छापा. एकाचं नाव छापल्यावर बाकीच्यांनीही आपापली नावं मागितली, आणि डीसीच्या भयकथांवर लेखक-चित्रकारांची नावं नियमाने येऊ लागली. सेन्सॉरच्या हट्टातून श्रेयनाम मिळण्याची उदाहरणं साहित्याच्या इतिहासात फारशी नसतील.

ही संहिता वाकली ती एका सरकारी पत्रामुळे. अमेरिकेच्या आरोग्य, शिक्षण व कल्याण खात्याने मार्व्हलचे संपादक स्टॅन ली यांना लिहिलं की अमली पदार्थांच्या धोक्यावर तुमच्या लोकप्रिय मालिकेत काही यावं. ली आणि चित्रकार गिल केन यांनी ‘अमेझिंग स्पायडरमॅन’च्या ९६ ते ९८ या तीन अंकांत ते आणलं. नशेत तर्र झालेला एक तरुण गच्चीवर जातो आणि आपल्याला उडता येतं असं समजून खाली झेपावतो. पुढे नायकाचा जवळचा मित्र हॅरी गोळ्यांच्या नादी लागतो. कथा व्यसनाच्या सरळसरळ विरोधात होती. तरी उल्लेखच निषिद्ध म्हणून मोहोर नाकारली गेली. गुडमन यांनी मोहोरेशिवाय अंक छापायला होकार दिला. १९७१ च्या वसंतात ते तिन्ही अंक रॅकवर आले, खपले, आणि आभाळ कोसळलं नाही.

त्याच वर्षी प्रकाशकांच्या संघटनेने संहिता सुधारली. व्यसनाचं चित्रण निषेधाच्या सुरात असेल तर चालेल. भ्रष्ट पोलीस वा अधिकारी दाखवता येतील, मात्र त्यांना शिक्षा व्हायला हवी. ड्रॅक्युला, फ्रँकेनस्टाइन अशा अभिजात साहित्यातल्या परंपरेत बसणारी भुतंखेतं परत यायला हरकत नाही. चालत्या प्रेताला मात्र असा साहित्यिक वडीलधारा सापडला नाही, त्यामुळे त्याच्यावरची बंदी कायम राहिली. मार्व्हलने त्यालाही पळवाट काढली. रॉबर्ट हॉवर्डच्या एका जुन्या कथेतला ‘झुव्हेंबी’ हा शब्द उचलला आणि तेच प्रेत नव्या नावाने चालवलं.

डीसीमध्ये या बदलांची हवा आधीपासून वाहत होती. ‘ग्रीन लँटर्न’ ही खपात मार खाणारी मालिका संपादक ज्युलियस श्वार्ट्झ यांनी लेखक डेनी ओ’नील आणि चित्रकार नील ॲडम्स यांच्या हाती दिली. एप्रिल १९७० च्या ७६ व्या अंकात एक वृद्ध कृष्णवर्णीय माणूस या अंतराळरक्षकाला विचारतो की तू परग्रहांवरच्या निळ्या-नारिंगी लोकांसाठी इतकं केलंस, मग आमच्या काळ्यांसाठी काय केलंस? नायकाची मान खाली जाते. ॲडम्स जाहिरातींच्या जगातून आले होते, त्यामुळे त्यांच्या माणसांच्या चेहऱ्यांत हाडामांसाचा खरेपणा होता. त्या वृद्धाच्या सुरकुत्या आणि नायकाची शरम या दोन चित्रांतच अमेरिकन कॉमिकचं वय एकदम वाढलं असं वाटतं. पुढच्या अंकांत तो आणि त्याचा साथी ग्रीन ॲरो ट्रकमधून देश पालथा घालतात. खाणकामगार, आदिवासींचे जमीनहक्क, प्रदूषण, लोकसंख्या असे विषय एकामागून एक येतात. ८५ आणि ८६ व्या अंकांत तर ग्रीन ॲरोचा पाल्य स्पीडीच हेरॉइनच्या आहारी गेलेला निघतो. न्यूयॉर्कचे महापौर जॉन लिंडसे यांनी कौतुकाचं पत्र पाठवलं. ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या रविवार मासिकाने मे १९७१ मध्ये या नव्या कॉमिक्सवर मोठा लेख छापला.

इतकं होऊन ही मालिका १९७२ मध्ये ८९ व्या अंकावर बंद पडली.

आज वाचताना तिच्यातलं भाषण जास्त वाटतं. काही ठिकाणी पात्रं बोलत नाहीत, व्यासपीठावर उभी राहतात. तरी तिचं मोल कमी होत नाही. वाचक बारा वर्षांचा आहे हे गृहीतक तिने मोडलं, आणि त्या मोडण्याचा फायदा नंतरच्या प्रत्येक लेखकाला झाला. त्याच जोडीने ‘बॅटमॅन’ला साठच्या दशकातल्या दूरचित्रवाणी मालिकेच्या विदूषकीतून बाहेर काढून पुन्हा रात्रीच्या अंधारात नेलं, हे त्यांचं अधिक टिकाऊ काम.

जॅक कर्बी यांची गोष्ट या काळात सर्वांत मोठी आणि सर्वांत चटका लावणारी. कॅप्टन अमेरिका, फँटॅस्टिक फोर, थॉर, हल्क यांची घडण ज्या हातांनी केली, त्या हातांना मार्व्हलच्या नव्या मालकांकडून मनाजोगता करार मिळेना. श्रेयाचा मोठा वाटा स्टॅन ली यांच्याकडे जातो, हा सलही होताच. १९७० साली वयाच्या बावन्नाव्या वर्षी त्यांनी मार्व्हल सोडलं. डीसीचे संपादकीय प्रमुख कार्माइन इन्फँटिनो यांनी त्यांना मोकळं रान दिलं. कर्बींनी सुरुवात केली ती ‘जिमी ओल्सन’ या सुपरमॅनच्या मित्राच्या दुय्यम मालिकेपासून, आणि तिच्यातूनच पुढच्या तीन मालिकांचं बी पेरलं: ‘न्यू गॉड्स’, ‘फॉरेव्हर पीपल’ आणि ‘मिस्टर मिरॅकल’.

एकमेकींत गुंतलेल्या या मालिकांची कल्पना आजही चकित करते. जुने देव एका महायुद्धात नष्ट होतात आणि त्यांच्या जगाचे दोन तुकडे पडतात, एक प्रकाशाचं आणि एक भट्ट्यांच्या धुराचं. धुराच्या जगाचा स्वामी डार्कसाइड याला धनदौलत नको आहे. सजीवांच्या मनातली स्वतंत्र इच्छाच मोडून काढणारं सूत्र त्याला हवं आहे. दुसऱ्या महायुद्धात फ्रान्सच्या आघाडीवर लढलेल्या माणसाने हुकूमशाहीवर केलेलं हे चिंतन पंधरा ते पंचवीस सेंटांना विकलं जात होतं. कर्बींच्या डोक्यात ही मर्यादित लांबीची, पुढे पुस्तकरूपात एकत्र यावी अशी कथा होती. त्या रॅकच्या धंद्यात अशा पुस्तकाला जागाच नव्हती.

डीसीने त्यांना मोकळीक दिली तीही अर्धवट. त्यांनी काढलेला सुपरमॅनचा चेहरा कंपनीच्या ठरीव चेहऱ्याशी जुळत नाही म्हणून दुसऱ्या चित्रकारांकडून बदलून घेतला जायचा. ‘न्यू गॉड्स’ आणि ‘फॉरेव्हर पीपल’ १९७२ मध्ये अकराव्या अंकावर थांबवण्यात आल्या. ‘मिस्टर मिरॅकल’ १९७४ पर्यंत कशीबशी चालली. १९७५ मध्ये कर्बी मार्व्हलकडे परत गेले. महाकथा अधुरी राहिली आणि तिचा खलनायक मात्र डीसीच्या जगाचा कायमचा रहिवासी झाला.

मार्व्हलमध्ये सत्तापालट १९७२ साली झाला. गुडमन बाहेर पडले, स्टॅन ली प्रकाशक झाले आणि रॉय थॉमस मुख्य संपादक. थॉमस मूळचे मिसूरीतले इंग्रजीचे शिक्षक आणि हाडाचे कॉमिकवेडे. त्यांच्या रूपाने वाचकांच्या पिढीतला माणूस संपादकाच्या खुर्चीत बसला. त्यांच्या पाठोपाठ आलेले कॉनवे, एंगलहार्ट, गर्बर, स्टारलिन, मॅकग्रेगर हे बहुतेक विशीतले. वडीलधाऱ्या पिढीला कॉमिक म्हणजे घरभाड्याचं काम होतं. या पोरांना ते लहानपणापासून करायचंच होतं. जेरी कॉनवे वीस वर्षांचे असताना त्यांनी जून १९७३ च्या ‘स्पायडरमॅन’मध्ये ग्वेन स्टेसीला मारलं. नायक तिला वाचवायला जाळं फेकतो, जाळं तिला पकडतंही, आणि तरी ती मरते. वाचकांची संतप्त पत्रं कार्यालयावर कोसळली. नायक वेळेवर पोचतो, हा त्या रॅकवरचा सगळ्यात जुना करार होता. तो एका पानात मोडला गेला.

स्टीव्ह एंगलहार्ट यांनी १९७४ मध्ये ‘कॅप्टन अमेरिका’त राष्ट्राध्यक्षांवर शेकलेलं वॉटरगेट प्रकरण आणलं. देश बळकावू पाहणाऱ्या गुप्त टोळीचा पाठलाग करत नायक थेट व्हाइट हाउसमध्ये पोचतो, म्होरक्याचा बुरखा उतरतो आणि चेहरा वाचकाला न दाखवताच तो आत्महत्या करतो. चेहरा कुणाचा हे त्या उन्हाळ्यात कुणाला विचारावं लागलं नाही. हादरलेला नायक काही काळ तारे आणि पट्ट्यांचा वेश उतरवून ठेवतो.

याच वर्षांत सुपरहिरोंच्या बाहेरचे प्रकार वेगाने आले आणि गेले. ‘कोनन द बार्बेरियन’ ऑक्टोबर १९७० मध्ये सुरू झाली. तिची चित्रं काढली लंडनच्या एकवीस वर्षांच्या बॅरी स्मिथने, कारण अनुभवी चित्रकार परवडत नव्हता. पहिल्या काही अंकांत त्याची रेषा चाचपडते. पुढच्या दोन वर्षांत ती अशी काही फुलली, की इमारतींची नक्षी, वेली, दागिने पाहायला वाचक पान उलटायचं विसरायचा. भयकथांना संहितेने दार उघडताच ‘टूम ऑफ ड्रॅक्युला’ १९७२ मध्ये आली आणि सत्तर अंक चालली. मार्व्ह वुल्फमन यांचं लेखन आणि जीन कोलन यांच्या धुक्यासारख्या सावल्या यांचा मेळ बसला, आणि त्यातूनच ब्लेड हा कृष्णवर्णीय शिकारी जन्मला. डीसीने लेन वाइन आणि बर्नी राइटसन यांचा ‘स्वॅम्प थिंग’ आणला. दलदलीतला तो शेवाळलेला जीव मूळचा एका सुट्या भयकथेतला होता, पण वाचकांनी त्याला मालिका मिळवून दिली. मनिलाहून टोनी डी झुनिगा, नेस्टर रेडोंडो, अल्फ्रेडो अल्काला, ॲलेक्स निन्यो अशी फिलिपिनो चित्रकारांची फळी डीसीच्या भयकथांत आली. त्यांची कलमकारी अप्रतिम होती. त्यांना मिळणारा दर अमेरिकन दरापेक्षा कमी होता, हेही त्याच पानांमागचं सत्य आहे. कुंग-फूचे सिनेमे चालले तेव्हा शांग-ची आला.

कृष्णवर्णीय नायकाच्या स्वतःच्या नावाची पहिली सुपरहिरो मालिका म्हणजे १९७२ ची ‘ल्यूक केज, हीरो फॉर हायर’. तुरुंगात अन्यायाने डांबलेला, पोलादी कातडीचा केज मदतीचे पैसे घेतो. सुपरहिरोने घरभाड्याचा विचार करणं ही तेव्हा नवलाई होती. मूळ लेखक मंडळी गोरी आणि भाषा सिनेमातून उचललेली असली, तरी पहिल्या अंकापासून शाईचं काम बिली ग्रॅहम या कृष्णवर्णीय कलाकाराने केलं. डॉन मॅकग्रेगर यांनी ‘जंगल ॲक्शन’मध्ये ब्लॅक पँथरला वाकांडात परत नेलं, ते त्याहून खोल काम. स्त्रियांच्या बाबतीत कंपन्यांचा धीर लवकर सुटला. ‘द कॅट’, ‘नाइट नर्स’ आणि ‘शॅना’ या तीन मालिका मार्व्हलने १९७२ च्या अखेरीस लेखिकांकडून सुरू केल्या आणि चार-पाच अंकांत गुंडाळल्या. तिकडे ग्लोरिया स्टायनेम यांच्या ‘मिझ’ या स्त्रीवादी मासिकाने जुलै १९७२ च्या मुखपृष्ठावर वंडर वुमनला उभं केलं. १९६८ पासून शक्ती काढून घेतलेल्या त्या नायिकेला डीसीने काही महिन्यांत तिचा जुना पोशाख आणि सामर्थ्य परत दिलं.

या दोन कंपन्यांपलीकडे बाकीचं जगही होतं. वॉरन या प्रकाशकाची ‘क्रीपी’, ‘ईरी’, ‘व्हँपिरेला’ ही काळी-पांढरी, मासिकाच्या आकाराची असल्याने संहितेच्या कक्षेबाहेर राहिली. कनेक्टिकटमधल्या डर्बी गावी चार्लटन ही कंपनी एकाच आवारात छपाई आणि वितरण करायची आणि चित्रकारांना फार कमी पैसे द्यायची. तिच्याकडे १९६९ पासून ‘फँटम’ होता, म्हणजे मराठी वाचकांना इंद्रजाल कॉमिक्समधून घरच्यासारखा वाटणारा वेताळ. तो आपल्याकडे पोचला तो वृत्तपत्रातल्या चित्रपट्टीमुळे. कॉमिकच्या रॅकचा आणि त्या पट्टीचा धंदा वेगळा होता, त्यामुळे मायदेशी मार्व्हल-डीसीच्या सावलीत राहिलेला हा नायक आपल्याकडे मात्र सर्वांत मोठा ठरला.

रॅकशी काहीच संबंध नसलेली कॉमिक्सही होती. सॅन फ्रान्सिस्कोत रॉबर्ट क्रम यांनी १९६८ मध्ये ‘झॅप’चा पहिला अंक बाबागाडीत घालून रस्त्यावर विकला. त्यापासून सुरू झालेली भूमिगत कॉमिक्स गांजाची साधनं विकणाऱ्या दुकानांतून खपत. तिथे कथेचा हक्क चित्रकाराकडे राहायचा आणि छापल्या प्रतींवर मानधन मिळायचं. ट्रिना रॉबिन्स आणि मैत्रिणींनी १९७० मध्ये आणि पुन्हा १९७२ मध्ये फक्त स्त्रियांनी काढलेली कॉमिक्स आणली. १९७२ हे वर्ष तर असामान्यच म्हणायचं. जस्टिन ग्रीन यांनी ‘बिंकी ब्राउन’मध्ये आपल्या धार्मिक धास्तीचं आणि मनोविकाराचं आत्मकथन चितारलं. आर्ट स्पीगलमन यांनी वडिलांच्या छळछावणीतल्या आठवणी उंदीर-मांजरांच्या रूपात तीन पानांत मांडल्या. तीच तीन पानं पुढे ‘माउस’ झाली. जून १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मिलर खटल्यात अश्लीलतेची कसोटी स्थानिक समाजाच्या मापावर सोपवली. दुकानदार घाबरले, मागण्या आटल्या आणि भूमिगत कॉमिक्सचा बहर ओसरला.

आता पुन्हा त्या फाडलेल्या पट्टीकडे. सत्तरच्या आरंभी पट्ट्या परत पाठवण्याचा त्रासही वाचवण्यात आला. घाऊक विक्रेत्याने लिहून द्यायचं की इतके अंक खपले नाहीत आणि नष्ट केले. प्रकाशकाने त्यावर विश्वास ठेवायचा. इथे मोठी फट पडली. जुन्या कॉमिक्सचा व्यापार करणारे तरुण घाऊक गोदामाच्या मागच्या दाराशी जात आणि ज्या मालिकेची चाहत्यांत चलती आहे तिचे गठ्ठेच्या गठ्ठे रोखीने उचलत. विक्रेता ते पैसे खिशात घालून प्रकाशकाला ‘खपले नाहीत’ असं कळवू शकत होता. डीसीने १९७३ साली जुन्या कॅप्टन मार्व्हलला ‘शझाम’ या नावाने परत आणलं, तेव्हा पहिल्या अंकाची खोकीच्या खोकी साठेबाजांनी भरून ठेवली. नील ॲडम्स आणि इतर अनेकांचा कायमचा संशय असा, की ‘ग्रीन लँटर्न’ आणि कर्बींच्या मालिका या चोरवाटेनेच कागदावर तोट्यात दिसल्या. मागच्या दाराने गेलेल्या प्रतींची नोंद कुठेच राहत नसल्याने हा संशय पुराव्याने मिटणारा नाही. मात्र ज्या अंकांवर साठेबाज तुटून पडत, नेमक्या त्याच अंकांचा अहवाल सर्वांत कमी विश्वासार्ह असणार, हे उघड आहे.

यातून वाट काढली ब्रुकलिनमधल्या इंग्रजीच्या एका शिक्षकाने. फिल स्यूलिंग १९६८ पासून न्यूयॉर्कमध्ये चार जुलैच्या सुमारास कॉमिक्सचं मोठं संमेलन भरवत. त्याच लाटेत १९७० मध्ये सॅन डिएगोचं संमेलन सुरू झालं आणि त्याच वर्षी रॉबर्ट ओव्हरस्ट्रीट यांची जुन्या अंकांची किंमतसूची निघाली. चाहता आता जत्रेला येत होता, भाव पाहत होता, अंक जपून ठेवत होता. स्यूलिंग यांनी १९७२-७३ मध्ये प्रकाशकांसमोर सोपा प्रस्ताव ठेवला: आम्ही आधी पैसे भरू, हवे तेवढेच अंक घेऊ, एकही परत करणार नाही, तुम्ही आम्हाला सूट द्या आणि माल थेट छापखान्यातून पाठवा. इलिनॉयमधल्या स्पार्टा गावी बहुतेक सगळी कॉमिक्स छापली जात. तिथून खोकी थेट कॉमिक्सच्या दुकानांकडे निघाली. स्यूलिंग यांच्या कंपनीचं नाव सी गेट. सुरुवातीला या मार्गाने जाणारा माल एकूण छपाईचा लहानसा हिस्सा होता. पण या खोक्यांत प्रथमच प्रकाशकाला नक्की कळत होतं की किती प्रती खपल्या. दुकानदारालाही आठवड्याच्या आठवड्याला सगळ्या मालिका खात्रीने मिळू लागल्या, आणि क्रमशः लांबणारी कथा वाचणं शक्य झालं. कर्बींना हवं होतं ते दुकान त्यांची कथा बंद पडल्यावर उभं राहिलं.

वाचकाने आपली जागा मिळवली तशी कलाकारांनीही मागायला सुरुवात केली. पानागणिक ठरावीक दर, मूळ चित्रं कंपनीची, पात्रं कंपनीची. मानधनाच्या धनादेशामागे छापलेल्या मजकुराखाली सही केली की हक्क गेले. १९७० मध्ये कॉमिक्स कलाकारांची अकादमी स्थापन झाली. स्टॅन ली तिचे पहिले अध्यक्ष. त्यांना तिच्याकडून पुरस्कारसोहळे अपेक्षित होते. नंतर अध्यक्ष झालेले नील ॲडम्स तिच्याकडे कामगार संघटना म्हणून पाहत होते. अकादमी फार टिकली नाही, पण मूळ चित्रं कलाकाराला परत करण्याची पद्धत याच वर्षांत दोन्ही कंपन्यांत हळूहळू रुजली. १९७४ मध्ये गुडमन यांनी ‘ॲटलास’ नावाने नवी कंपनी काढून जास्त दर आणि मूळ चित्रांची परतफेड देऊ केली. वर्षभरातच ती बुडाली, तरी चढे दर काही काळ सगळ्यांच्या डोळ्यांसमोर राहिले.

सुपरमॅनचे जनक जेरी सीगल आणि जो शुस्टर यांनी १९३८ मध्ये १३० डॉलरला आपल्या नायकाचे हक्क विकले होते. १९४७ साली ते न्यायालयात गेले, तडजोड झाली आणि त्यांची नावं मालिकेतून पुसली गेली. पुन्हा केलेला दावाही १९७४ मध्ये अपील न्यायालयात फेटाळला गेला. १९७५ मध्ये सुपरमॅनवर महागडा सिनेमा निघणार असं जाहीर झालं तेव्हा सीगल लॉस एंजेलिसमध्ये कारकुनी करत होते. शुस्टर यांची दृष्टी जवळजवळ गेली होती आणि ते न्यूयॉर्कमध्ये भावाच्या आधाराने राहत होते. सीगल यांनी वृत्तपत्रांना एक संतापलेलं पत्र पाठवलं. नील ॲडम्स आणि बॅटमॅनच्या सुरुवातीच्या काळातले चित्रकार जेरी रॉबिन्सन यांनी ते प्रकरण हाती घेतलं. फोन केले, दूरचित्रवाणीवर गेले, व्यंगचित्रकारांच्या संघटना पाठीशी उभ्या केल्या. वॉर्नरच्या बाजूला कायदा होता आणि चित्रकारांच्या बाजूला जनमत. डिसेंबर १९७५ मध्ये, नाताळच्या तोंडावर, समझोता झाला. दोघांनाही वर्षाला वीस हजार डॉलर आणि औषधपाण्याचा खर्च मिळणार होता. रॉबिन्सन यांनी आणखी एका गोष्टीसाठी आग्रह धरला होता आणि तीही मान्य झाली. पुढच्या वर्षीच्या अंकांत, कथेच्या पहिल्या पानावर, सुपरमॅनच्या नावाखाली जेरी सीगल आणि जो शुस्टर यांची नावं पुन्हा छापली गेली.